टाचेतला ताल

भागोजीच्या डाव्या पायातली वहाण निसटून रस्त्यावर राहिली आणि भागोजी तसाच पुढे गेला. त्याच्या मागे चार हातांवर हरिश्चंद्र चालत होता. अंगाभोवती बेसचं पितळी वेटोळं, ओठ बाजाला चिकटलेले, दोन्ही हात अडकलेले. त्याला वाटलं, आता भागोजी थांबेल, निदान पाय मागे नेऊन चाचपडेल. वहाण सुटली की माणसाचा अंगठा आपोआप तिला शोधायला लागतो, त्यासाठी शहाणपण लागत नाही. एक पाऊल पडलं, दुसरं पडलं, चौथं पडलं. भागोजीच्या एका पायात वहाण, दुसरा उघडा, आणि मान ताठ. छातीवरच्या मोठ्या ढोलावर त्याची मोगरी पडत होती आणि वैशाखातल्या सकाळी साडेनऊच्या उन्हात झाडगावाहून मांडवीकडे निघालेली नवरदेवाची मंडळी त्या ढोलावर पावलं टाकत होती. हरिश्चंद्राने वहाण ओलांडली. अंगठ्याची झिजून काळी झालेली खूण तिच्यावर स्पष्ट दिसत होती. त्याच्या ओठांतून सूर निसटला, बाजातून नुसती हवा गेली, आणि पुढे क्लॅरिओनेट वाजवणाऱ्या बाबू मास्तरांनी न थांबता मान किंचित मागे वळवली.

मास्तरांच्या त्या मान वळवण्याचा अर्थ हरिश्चंद्राला ठाऊक होता. काल तालमीनंतर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "पुढचे आम्ही एकीकडे आणि मागची ही दोघं एकीकडे. लोक हसतात. उद्याच्या लग्नात पुन्हा असं झालं तर ढोल आणि बेस यांतला एक जण घरी बसेल. कोण ते मी उद्याच ठरवीन." त्यावर भागोजीने नेहमीप्रमाणे तंबाखूची पिंक टाकली आणि हरिश्चंद्राच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "भिऊ नको रं. मी हाय ना." मी हाय ना. वीस वर्षं तो हेच म्हणत आला होता, आणि वीस वर्षं ते खरंही होतं. हरिश्चंद्र मंडणगडाकडच्या एका डोंगरातल्या वाडीतून रत्नागिरीत आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. छाती रुंद म्हणून मास्तरांनी त्याच्या गळ्यात बेस घातला. फुंकर होती, पण ताल नव्हता. बेसला गाणं नसतं. बाकीचे वाजवतात ते गाणं, आणि बेस त्याच्या खालची जमीन. एक सूर, मग थांबायचं, मग एक सूर. ते थांबणंच त्याला जमत नव्हतं. भागोजीने त्याला मांडवीच्या वाळूत नेलं, ओल्या वाळूवर त्याच्यापुढे चालला आणि म्हणाला, "माज्या पावलात पाऊल टाक. तोंडानं कायच करू नको." असं आठ दिवस. ना बाजा, ना ढोल, नुसती पावलं. रागावला नाही, कंटाळला नाही. चुकलं की परत पहिल्यापासून. नवव्या दिवशी म्हणाला, "आता फुंक. सूर तोंडात नसतो बाबा, टाचंत असतो. टाच टेकली की माजा ढोल, माजा ढोल की तुजा सूर." तेव्हापासून बँडमध्ये ढोल पुढे आणि बेस त्याच्या मागे चालायचा, आणि हरिश्चंद्राने वीस वर्षं भागोजीच्या डाव्या टाचेशिवाय दुसरं काही फारसं पाहिलं नव्हतं. लग्नं आली, गणपती आले, शिमगे आले. नवरे-नवऱ्यांची तोंडं त्याला आठवत नव्हती. ती टाच, तिच्यावरच्या भेगा, डाव्या अंगाची जुनी खोक, एवढं तो डोळे मिटून काढून दाखवू शकला असता.

म्हणून ती टाच बिघडायला लागली तेव्हा ते पहिल्यांदा त्यालाच कळलं. गेल्या गणपतीत. पाऊल टेकायचं, पण टेकल्यासारखं टेकायचं नाही. अंधारात पायरी संपली आहे हे न कळलेल्या माणसाचं पाऊल पडतं, तसं. आधी जरा जास्त उचललं जायचं, मग आपटायचं, आणि त्यात तीळभर उशीर व्हायचा. ढोल टाचेबरोबर, त्यामुळे ढोलालाही तीळभर उशीर. हरिश्चंद्राने विचार न करता आपला सूर तीळभर मागे घेतला. त्याला वाटलं, आजच्या दिवसापुरतं आहे, म्हाताऱ्याचा पाय मुरगळला असेल. आपण दोघं बरोबर पडलो की झालं, ऐकणाऱ्याला उशीर कळत नाही, फूट कळते. मग दिवाळीनंतरच्या लग्नांत तो तीळ वाटाण्याएवढा झाला आणि हरिश्चंद्र आणखी मागे सरकला. पुढचे कॉर्नेटवाले आपल्या वेळेवर चालले होते, मागचे दोघं एकमेकांना धरून बुडत होते. आपण हे धरलं नसतं, सूर आपल्या जागी ठेवला असता, तर ढोल एकटा उघडा पडला असता आणि भागोजीला त्याच दिवशी कळलं असतं, हे त्याला रात्रंदिवस टोचत होतं. पण ज्याच्या पावलात पाऊल टाकून चालायला शिकलो, त्याला चालता येत नाही असं सांगायचं कोणत्या तोंडाने? आणि मजा अशी की जागेवर उभं राहून वाजवायचं असलं की भागोजीचा ढोल अजून घड्याळासारखा पडे. हातात काही खोट नव्हती. चालायला लागलं की बिघडे. हे कोडं हरिश्चंद्र आठ महिने मनात घोळवत होता, आणि आज ते सुटून रस्त्यावर पडलं होतं. भागोजीला आपला पाय जाणवतच नव्हता.

उतार लागला. इथे झाडं संपतात आणि तांबडा जांभ्याचा रस्ता तव्यासारखा तापतो. बाकीची मंडळी कडेच्या गवतावरून चालू लागली, नवऱ्याच्या मामाने छत्री उघडली. भागोजी मधोमध चालला होता, एक पाय वहाणेत, एक तव्यावर. हरिश्चंद्राला त्याच्या पोटरीवरचा तो फिकट डाग आठवला, रुपयाएवढा. "गजकर्न हाय," भागोजी म्हणाला होता, "खाजत बी नाय मेला." खाजत बी नाय. तेव्हा आपण हसलो होतो. बाजात फुंकर घालता घालता त्याच्या डोळ्यांपुढे आप्पामामा आला.

आप्पामामा वाडीबाहेर, काजूंच्या पलीकडे एका खोपीत राहायचा. रक्तपिती, महारोग, हे शब्द घरात कोणी उच्चारत नसे, "बाहेरचा" म्हणत. हरिश्चंद्राची आई गंगा भावासाठी पानात भात बांधून द्यायची, आणि सात वर्षांच्या हरिश्चंद्राने तो खोपीपासून वीस पावलांवरच्या कातळावर ठेवायचा, मागे सरायचं आणि तांब्याच्या झाकणीवर दगडाने तीन ठोके मारायचे. ठोके पडले की मामा बाहेर यायचा. तो गावाचा नियम होता. एके दिवशी मामा आधीच दारात उभा होता. त्याने पोराला पाहून हात वर केला. त्या हाताला बोटं पुरी नव्हती, आणि मामा हसत होता. हरिश्चंद्राने पान कातळावर टाकलं आणि धूम ठोकली. दुसऱ्या दिवशी गेला तर पान तिथेच होतं, भातावर मुंग्यांची काळी रांग. मामा खोपीतूनच म्हणाला, "भात दिसत व्हता रं मला. पन ठोके कुठं पडले?" रागाने नव्हे, एखाद्या लहान मुलाला त्याची चूक समजावून सांगावी तसा. ही गोष्ट हरिश्चंद्राने आयुष्यात एकालाच सांगितली होती. त्या वाळूतल्या आठ दिवसांतल्या एका संध्याकाळी, भागोजीला. भागोजी म्हणाला होता, "पोर व्हतास तू." एवढंच. पण ते ऐकून हरिश्चंद्राच्या छातीवरचा दगड उतरला होता.

तो पावलं टाकत होता, सूर सोडत होता, आणि मनात मोजत होता. ताल नव्हे. वीस वर्षांत किती वेळा भागोजीने उष्टा केलेला तांब्या आपण तोंडाला लावला? प्रत्येक लग्नानंतर भागोजी तळहातावर तंबाखू मळायचा, चुना लावायचा, फुंकर मारायचा आणि तळहात पुढे करायचा. अर्धी चिमूट याची, अर्धी त्याची, एकाच तळहातावरून. हे एकदाही चुकलेलं नव्हतं. परवाच्या लग्नातही. हरिश्चंद्राला आपल्या ओठांना मुंग्या आल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची अशी शिसारी आली की डोळ्यांपुढे रस्ता हलला. ज्याने चालायला शिकवलं त्याच्या थुंकीचा हिशोब मी रस्त्यावर करतो आहे. त्या विचारामागून दुसरा आला, तो जास्त वाईट होता. भागोजीची पोर राही. येत्या अमावास्येनंतर तिचं लग्न, बुरोंडीच्या एका बोटीवरच्या पोराशी ठरलेलं. भागोजीने सुपारी फुटली त्या दिवशी सांगितलं होतं, "हऱ्या, माज्या पोरीच्या लग्नात पैसं नगं, पन तुजा बाजा पायजे." हे कळलं तर लग्न मोडेल. नुसतं मोडणार नाही. घरावर दगड येतील, विहिरीवर घागर घेऊ देणार नाहीत, आणि भागोजीला कुठल्यातरी काजूच्या झाडांपलीकडे एक खोप. बँडमधला ढोल जाणं ही त्यात मोजायचीसुद्धा गोष्ट नव्हती. मास्तर आज ठरवणार होते. मास्तरांचा डोळा भागोजीच्या पायावर गेला तर विचारतील, आणि विचारलं की पाहतील. म्हणजे आता एवढंच उरलं होतं. कोणीही त्या पायाकडे पाहता कामा नये.

मांडवीत शिरताना कोळ्यांनी कालवं फोडून टाकलेल्या शिंपल्यांचा ढीग रस्त्यावर पसरला होता. हरिश्चंद्राला ओरडायचं होतं, पण त्याच्या तोंडात बाजा होता. पुढचे सगळे बगल देऊन गेले. भागोजी ढोलावरून खालचं पाहू शकत नव्हता. टाच पडली, शिंपला मोडल्याचा आवाज झाला, भागोजी चालत राहिला. तांबड्या मातीत काही दिसलं नाही. माती ओली झाली एवढंच. पण नवरीच्या दारातलं अंगण आदल्या दिवशी सारवलेलं होतं, हिरवंगार, कडेने रांगोळी, आणि त्या अंगणात मांडवाच्या पहिल्या खांबापासून भागोजीच्या जागेपर्यंत एका पायाचे लाल ठसे उमटत गेले. एक, मग रिकामी जागा, मग एक. हरिश्चंद्र मागून येत होता. त्याने त्या ठशांवर आपलं पाऊल टाकायला सुरुवात केली. पूर्वी वाळूत टाकायचा तसंच, पण आता टाच घासून, पुसत. दोन पुसले, तिसरा फरफटला. पाऊल घासताना त्याचा ताल साफ सुटला आणि मास्तरांनी या वेळी सगळी मान वळवली.

"अगो बाई," नवरीची आत्या यमुनाबाई पंचारती घेऊन उभी होती ती म्हणाली, "कुणी गो कुंकवाच्या पाण्यात पाय दिला? मथुरा, ताट खाली ठेवलंस काय मेले?"

"नाय गो आत्या, ताट हातात आहे माझ्या."

"मग लक्ष्मीच आली म्हणायची पुढे चालत! पुसू नको रे बाबा बाजेवाल्या, राहूदे. चांगला शकुन आहे."

बायका हसल्या. हरिश्चंद्राचा पाय जागच्या जागी थांबला. तो घामाने भिजलेल्या बँडच्या लाल कोटात त्या लाल ठशावर उभा राहिला. भागोजीही हसत होता. त्याला वाटलं, कोणाची तरी गंमत चालली आहे.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट धरला गेला. आता बँडने गप्प उभं राहायचं आणि शेवटच्या "सावधान"ला अंतरपाट सरकताच सगळ्यांनी एकदम कोसळायचं. पण त्याआधी, सगळ्यांच्या आधी, ढोल. तो ठोका चुकला तर अक्षता हातात राहतात किंवा आधीच पडतात. म्हणून सगळा मांडव एका माणसाच्या मोगरीकडे पाहत असतो. भागोजीने मोगरी उचलली. त्याचे डोळे भटजींच्या ओठांवर होते. हरिश्चंद्राने श्वास भरून घेतला आणि मनात म्हटलं, चुकूदे. एकदा इथेही चुकूदे, म्हणजे मला वाटेल की म्हातारा झाला, थकला, इतकंच आहे, दुसरं काही नाही. अंतरपाट हलला आणि ढोल पडला. इतका नेमका, की आधी ढोल की आधी नजरानजर हे नवरा-नवरीलाही सांगता आलं नसतं. हरिश्चंद्राचा सूर त्याच्याखाली आपोआप येऊन बसला, वीस वर्षांपूर्वी बसायचा तसा. अक्षता उडाल्या. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. घाम आणि डोळ्यांतलं पाणी गालावर सारखंच दिसतं, त्यामुळे शेजारी उभ्या बँडमधल्या लवूला काही कळलं नाही.

जेवणं झाल्यावर बाबू मास्तरांनी दोघांना घरामागे, समुद्राच्या बाजूच्या उंडीच्या झाडाखाली बोलावलं. भागोजीने वाटेत पायाकडे पाहिलं होतं. "वहान कुठं गेली मेली? चोरली की काय कुनी?" आणि चिखल समजून पाय वाळूत घासला होता.

"संध्याकाळी वरात आहे," मास्तर म्हणाले. "अंगणात शिरताना जे झालं ते सगळ्यांनी ऐकलं. उभे असता तेव्हा दोघंही बरोबर वाजवता, चालताना काय होतं? भागोजी, तू जुना. तू सांग."

भागोजीने मान खाली घातली. वाळूत अंगठा रुतवला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, वंगाळ वाटतंय सांगायला. हऱ्याला दम पुरत नाय हल्ली. बाजा जड हाय. तो मागं पडतो आनि मी त्याला सांभाळून घेतो. आठ म्हयने झालं. त्याला म्या एका सबदानं बोललो नाय."

हरिश्चंद्राने त्याच्याकडे पाहिलं. भागोजी खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांत खरोखरीची दया होती. आठ महिने आपण त्याला धरून बुडत होतो, आणि आठ महिने तो आपल्याला धरून बुडत होता.

"खरं काय रे, हरिश्चंद्रा?" मास्तरांनी विचारलं.

"खरं आहे, मास्तर. चालताना दम लागतो."

"मग आधी नाही का बोलायचं?" मास्तरांचा आवाज उतरला. "बरं. बाजा लवूकडे दे. कोट राहूदे आज, उद्या धुऊन आण." ते दोन पावलं गेले, परत आले, काहीतरी बोलावं म्हणून म्हणाले, "छातीला एरंडेल चोळ." आणि गेले.

बेस उतरवल्यावर खांदा इतका हलका झाला की हरिश्चंद्राला आपण एका अंगावर कलतो आहोत असं वाटलं. समोर भरती येत होती. वाळू ओली होत होती. भागोजी ढोल गळ्यात तसाच ठेवून त्याच्याजवळ आला.

"रागावलास?"

"नाही."

"राहीच्या लग्नात तुलाच आननार मी. मास्तर नाय बोलला तरी. आपन दोगंच वाजवू. ढोल आनि बेस. लोक म्हनतील, गानं कुठं हाय?" तो हसला. मग कमरेची पिशवी सोडली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, अंगठ्याने मळली, दोनदा थापटली, फुंकर मारली. आणि तळहात पुढे केला.

हरिश्चंद्राने हात उचलायचं ठरवलं. त्याने खरोखर ठरवलं. ज्या माणसासाठी आता आपण भाकरी सोडली त्याच्या तळहातावरची चिमूटभर तंबाखू, हे काय मोठं? मनाने हात उचलला होता, पण तो मांडीजवळच राहिला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. लाटेचा आवाज एकदा आला, परत आला. भागोजीचा तळहात तसाच पुढे होता आणि तोंडावरचं हसू हळूहळू संपत होतं.

भागोजीने आधी आपल्या तळहाताकडे पाहिलं, मग हरिश्चंद्राच्या डोळ्यांकडे. ते डोळे त्याच्या पायाकडे लागलेले होते. त्याने ढोल एका अंगाला सारला, पाय वर घेतला, तळवा वळवून पाहिला. वाळूखाली शिंपल्याचा तुकडा अजून रुतलेला होता. त्याने बोटाने तो आत दाबला. आणखी दाबला. आणि वर हरिश्चंद्राच्या तोंडाकडे पाहत राहिला, आपल्या पायातली कळ तिथे तरी उमटते का ते शोधत. ती तिथे उमटलेली होती.

"ठावं व्हतं तुला," तो म्हणाला.

"आजच. वहाण सुटली तेव्हा."

"मंग अंगनात ते कुकू…"

हरिश्चंद्राने आपल्या टाचेकडे पाहिलं.

भागोजीने मान हलवली, बऱ्याच वेळा, एखादं अवघड गणित शेवटी उलगडल्यासारखी. "राहीचं लगीन पार पडूदे," तो म्हणाला. "पंदरा दिस. मग मी आपनच जाईन. कुनाला सांगावं नाय लागनार."

उंडीच्या मुळाशी जांभ्याचा एक दगड होता. भागोजीने त्या दगडावर तळहातावरची तंबाखू ठेवली, सगळी, अर्धी नाही. वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर उंडीचं एक पान झाकलं. मग तो मागे सरला. मोजून वीस पावलं, प्रत्येक पाऊल जरा जास्त उचललेलं, जरा उशिरा आपटलेलं. तिथे भरतीच्या पाण्यात तो उभा राहिला, ढोल छातीवर सरळ केला आणि मोगरीने तीन ठोके मारले.

तिन्ही अगदी वेळेवर पडले. त्यांत तिळाएवढी चूक नव्हती.

मग तो वाट पाहत उभा राहिला. हरिश्चंद्राला दगड दिसत होता, पान दिसत होतं, पानाखालून डोकावणारी तंबाखू दिसत होती. पाणी दगडाच्या दिशेने येत होतं. ठोके पडले होते. हरिश्चंद्र जागचा हलला नाही.